पुलापर्यंत आणलेला खेळ

हे मृत्युपत्र मी तीन दिवस टाळलं. उद्या सकाळी नऊला माझं पोट उघडणार आहेत. शेजारच्या खाटेवरचे निवृत्त कारकूनकाका पाठ सोडत नाहीत, म्हणून बसलो. वय सत्तावीस, डोकं ठिकाणावर, जबरदस्ती कुणाची नाही. काकांची सोडली तर.

१. घर, जमीन नाही. सहा वर्षांत अकरा खोल्या बदलल्या. एकीला खिडकीच नव्हती, पण ते जाऊ दे.

२. जुने व्हिडिओ गेम चालवणारी, हातात मावणारी दोन यंत्रं आहेत. नवं रिपेअरीवाल्या मिस्त्रीला द्यावं. "ते जुनं भंगारात टाक की लेका," असं तो कायम म्हणायचा. मान्य आहे, नव्याचा पडदा मोठा, वेग दांडगा, आणि तसंच बंद केलं तरी खेळ होता तिथून सुरू होतो. पण आमचे चौकोनी खेळ लावले की दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात, आणि बटण दाबल्यावर माणूस जरा विचार करून उडी मारतो. जुन्यात तो बोटाबरोबर उडतो. मिस्त्रीने हे एकदा कबूल करावं, एवढीच अट.

३. जुनं यंत्र, चार्जर आणि निळी पिशवी ताईची.

काका म्हणतात, कारण लिही. आईच्या आजारपणात ताई तिच्या उशाशी बसून चार महिने एकच खेळ खेळली. त्यातल्या पोराचं नाव आईने ठेवलं होतं. आई पडून बघायची आणि "डावीकडे जा गं, तिकडे काहीतरी आहे," म्हणायची. आई गेल्यावर आठवड्याने मी ते यंत्र घेतलं. तेव्हा मिस्त्रीकडून घेतलेलं नवं वापरून हाताला तशी सवय लागली होती. जुन्यात आधी खेळातून बाहेर पडायचं असतं, मग बंद. मी थेट बंद केलं. खेळ साठवणारं कार्ड बिघडलं, चार महिन्यांचं सगळं पुसलं गेलं.

वर मी म्हणालो, "खेळच तर होता."

ताई म्हणाली, "तू नीघ इथून."

यंत्र हातातच होतं, निघालो तो निघालोच.

नवं कार्ड घालून तोच खेळ मी पहिल्यापासून पुन्हा खेळलोय. पोराचं नाव तेच. तुटक्या पुलापर्यंत आणलाय. पुढे आईने कुठे वळायला सांगितलं होतं, ते ताईलाच माहीत. म्हणून तिथे थांबलोय. ताई, बंद करताना आधी बाहेर पड.

४. भरतीच्या फॉर्मवर जवळचं माणूस म्हणून तिचा नंबर दिलाय. 'फोन करू नये' असं खाली दोनदा लिहिलंय. ते पाळावं.

स्थळ: खाट क्रमांक अकरा. दिनांक: १४ नोव्हेंबर, दुपारी.
सही: माझी.
साक्षीदार १: कारकूनकाका, खाट बारा. (सही केली.)
साक्षीदार २:

नर्सबाईंना सहीला बोलावलं, तर त्या सांगतात, खाली एक बाई आल्यात, चष्मा विसरल्यात, अकरा नंबरची खाट कुठे म्हणून सगळ्यांना विचारताहेत. काका खिडकीबाहेर बघताहेत. म्हणाले, "तिची सही घेऊ नकोस. जिला वारसा मिळतो तिची चालत नाही."

जिन्यात तिचा खोकला ऐकू येतोय. यंत्र चार्जिंगला लावलंय.