कडी लावली, ताई

३ मार्च
धाकटीला माफ करून आज वर्ष झालं. मावशीचा फोन आला — मन मोठं आहे हो तुझं. आहेच! अकरा वर्षं बहिणीचं तोंड पाहिलं नव्हतं. तिचं एकच पालुपद, 'मी बाहेरून कडी लावून गेले होते.' मग दार उघडं कसं? भ्रमिष्ट आई घराबाहेर पडली कशी, कालव्यापर्यंत जाऊन बुडाली कशी? गेल्या वर्षी शेवटी नमली. म्हणाली, 'नसेल लागली माझ्याकडून.' तेव्हा कुठे जवळ घेतलं. कबूल केल्याशिवाय माफी कसली?

आता माझ्याकडेच राहते. दुकानात काज-बटणं करते. हात सफाईदार आहे, पण तोंडावर सांगत नाही मी.

४ मार्च
सकाळी मी आधी दुकान उघडते, ती घर आवरून मागून येते. आली की मशीनशी उभं राहून सांगायचं, 'कडी लावली, ताई.' मी मान वर न करता विचारते, नक्की? मग ती दोन गल्ल्या परत जाऊन बघून येते. घरात आता राखण्यासारखं कोणी नाही, हे मलाही कळतं. आज दोनदा पाठवलं. दुसऱ्यांदा लंगडत होती. गिऱ्हाईक बघत होतं, बघू दे.

११ मार्च
दुसऱ्या गावी गणवेश शिवायचा कारखाना आहे, तिथे धाकटीला काम मिळतंय. राहायला खोलीही. एकतीसला हजर व्हायचंय. ताटात बघत म्हणाली, तू हो म्हटलंस तरच जाईन. विचार करते, म्हटलं. भात चिवडत बसली होती.

१२ मार्च
विचार करतेय!

१९ मार्च
शाळेतल्या बाई जुना कोट घेऊन आल्या. अस्तर विरलंय. कोट माझ्याच हातचा. धाकटी तेव्हा कडी बघायला गेली होती. बाई आपल्या कौतुकाने सांगत बसल्या — हाच कोट तू घरी विसरली होतीस बघ, मला इथे बसवलंस आणि धावत जाऊन घेऊन आलीस. मग आवाज उतरला त्यांचा. 'त्याच दुपारी तुझ्या आईचं कळलं.'

म्हटलं, दुसरा दिवस असेल. नाही म्हणाल्या, तो दिवस कसा विसरेन मी?

त्या गेल्यावर अस्तर उसवायला घेतलं. एक शिवण उसवली आणि कोट तसाच खुंटीला लावला.

२० मार्च
आठवलं. सगळं.

कडी लावलेली होती. मी काढली. आई झोपली होती. नुकताच इस्त्री केलेला कोट चुरगळू नये म्हणून दोन्ही हातांवर आडवा घेतला आणि दार पायाने ओढलं. पायाने कडी लागत नाही.

विसरले होते की विसरायचं ठरवलं होतं? आणि त्या पोरीकडून कबूल करून घेतलं मी! रडत होती ती तेव्हा. मला किती बरं वाटलं होतं.

२३ मार्च
कोट स्वतः बाईंच्या घरी नेऊन दिला. त्यांची आणि धाकटीची गाठ पडायला नको. एवढ्यासाठी कशाला आलीस, म्हणाल्या. मजुरी घेतली नाही.

२६ मार्च
सांगायचं. पाय धरून सांगायचं, आजच. सगळं जुळवून ठेवलं होतं मनात. ती आली, मशीनशी उभी राहिली. 'कडी लावली, ताई.' मी तोंड उघडलं — आणि विचारलं, नक्की?

गेली परत. मी खिडकीतून पाठमोरी बघत राहिले. एका शब्दानेही थांबवलं नाही.

२९ मार्च
ती गेली तर मला कोण आहे? मशीन आणि खडू. आणि सांगितलं, तर ती जाणारच. न सांगता नुसतं हो म्हटलं, तरी जाणारच. दोन्हीकडून माझंच मरण. आज काम उलटंसुलटं झालं, एक बाही डाव्याची उजव्याला लावली.

३० मार्च
धाकटी बॅग भरून समोर उभी राहिली. 'जाऊ ना, ताई?'

म्हटलं, 'जा. आईला टाकून गेलीस, तशीच मलाही टाकून जा.'

तिने बॅग रिकामी केली. चहा टाकला.

कडी मी लावली. आतून.