बिनकागदाची डॉक्टरीण

३ नोव्हेंबर
निवड झाली! पोलिसांच्या जंगल पथकासोबत जाणारी डॉक्टर — मी! आमच्या ग्रामीण रुग्णालयातून दुसऱ्या कोणी नावच दिलं नव्हतं म्हणे. नसू दे. निवड ती निवड.
दुपारभर पेशंट तपासताना उगाच हसत होते. एका आजीनं विचारलंच, लग्न ठरलं का. म्हटलं, ते होऊन गेलं, हे त्याहून भारी आहे.
लोकेशला फोन केला. नवरा वकील असला की आनंदाची बातमीसुद्धा उलटतपासणीतून जाते. त्यानं एवढंच विचारलं, तुला काही झालं तर जबाबदार कोण? मी म्हटलं, आधी पेढे आण.

७ नोव्हेंबर
सराव! चिखलातून रांगले. हेल्मेट नाकावर येतं. पथकातला रोशन, आमगावकडचा, पायानं हरणासारखा. म्हणाला, मॅडम, तुम्हालेच स्ट्रेचरवर न्यावं लागते वाटते. सगळे हसले, मी सर्वांत जास्त.
पथकाचे प्रमुख भोजराज साहेब कमी बोलतात. रक्त थांबवायचा पट्टा बांधायला मी सगळ्यांना शिकवलं, तेव्हा मात्र स्वतः पुढे येऊन बसले.
अंग ठणकतंय. काय मस्त ठणकतंय!

१० नोव्हेंबर
मुन्नाभाऊ जेवायला आले होते. लोकेशचे मित्र, विमा एजंट. वरण-भात खाता खाता त्यांनी माझी हवा काढली. माझा जीवनविमा पोलिस कारवाईत लागू नाही. आणि उपचारात चूक झाली तर संरक्षण देणारा जो दुसरा विमा आहे, तो फक्त दवाखान्याच्या आत. "जंगलात तुम्ही डॉक्टर नाहीच भाभी, कागदावर."
लोकेशचं म्हणणं — पोलिस खात्याकडून लेखी आदेश घे, त्यात असं हवं: ही कामावर आहे, विमा आमचा, कोर्टात गेलं तर वकील आमचा. तोवर पाऊल टाकायचं नाही.

१२ नोव्हेंबर
भोजराज साहेबांना सांगितलं, आदेशाशिवाय येणार नाही. वाटलं, चिडतील. म्हणाले, बरोबर आहे मॅडम, वर लिहून पाठवतो.
जिंकले! घरी येताना स्कूटीवर गाणी म्हटली.

१९ नोव्हेंबर
गेले. आदेशाशिवायच.
सकाळी साहेबांचा फोन. सालेकसाच्या जंगलात जायचंय, कागद आला नाही, तुम्ही नाही म्हणू शकता. मला 'नाही' म्हणता आलं असतं. बूट चढवले.
नाल्याच्या काठी स्फोट झाला. नक्षलवाद्यांनी जमिनीत पेरलेला सुरुंग. रोशन. मांडीतून रक्त कारंज्यासारखं. पट्टा आवळला — माझे हात थरथरले नाहीत, हे लिहून ठेवते, मलाच खरं वाटत नाही. पोरांनी आळीपाळीनं स्ट्रेचर वाहिलं. वाट संपेना. पाय वाचवायला पट्टा सैल करावा का, हा विचार कितीदा आला. नाही केला. सोडला असता तर रोशन तिथंच गेला असता.
जिवंत पोचवला. जिवंत!

२१ नोव्हेंबर
नागपूरला रोशनचा पाय गुडघ्याच्या वरून काढला. पण तो बोलतोय, चहा मागतोय. पथकातल्या पोरांनी मला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. रडले, हसले, पुन्हा रडले. लोकेशनं माझे बूट धुऊन उन्हात ठेवले.

२८ नोव्हेंबर
आदेश आला! विमा, वकील, सगळं! स्वयंपाकघरात नाचले. लोकेशनं दोनदा वाचला. "हर्षा, हा आजपासून लागू आहे. त्या दिवशीसाठी नाही." म्हटलं, त्या दिवसाचं आता कोण विचारतंय?

५ डिसेंबर
रोशनच्या आईनं, रुक्माबाईंनी विचारलं. त्यांची लेखी तक्रार आली — डॉक्टरणीनं पट्टा फार वेळ ठेवला, म्हणून पाय गेला.
पोलिस खात्यात फोन केला. उत्तर मिळालं, त्या तारखेला तुम्ही आमच्या नोंदीवर नाही.
लोकेशनं बजावलं, त्या बाईशी एक शब्द बोलू नको. बोललेलं सगळं तुझ्यावर उलटेल.

७ डिसेंबर
गेले आमगावला. लोकेशला न सांगता.
रुक्माबाई अंगणात धान वाळवत होत्या. बस म्हणाल्या नाहीत. उभ्यानंच सगळं सांगितलं — नाला, रक्त, ती वाट, पट्टा का सोडला नाही. सोडला असता तर पाय नाही, पोरगा गेला असता. हेही सांगितलं, की माझ्याजागी कोणी मोठा सर्जन असता तर काय केलं असतं, ते मला ठाऊक नाही.
त्यांनी धान हातानं पसरलं. मग म्हणाल्या, "हे आमाले तवाच काऊन नाही सांगतलं कोनी?"
मग त्यांनीच विचारलं, तुले काही झालं असतं तर तुह्या घरच्यायले काय भेटलं असतं? म्हटलं, काहीच नाही. कागदच नव्हता.
"आन तरी गेलीस?"
चहा दिला त्यांनी. निघताना पिशवीत तांदूळ घातला. तक्रारीबद्दल मात्र अक्षर नाही.

१३ डिसेंबर
रुक्माबाईंनी तक्रार मागे घेतली. आणि लगेच दुसरी दिली — माझ्यावर नाही. खात्यावर. लोकेशनं ती मला मोठ्यानं वाचून दाखवली: "माह्या पोराले वाचवणाऱ्या लेकीले कागद न देता जंगलात काऊन नेलं?"