यिक्केच्या कुंडीतले ट्युलिप

१४ एप्रिल
दारातल्या कुंडीत ट्युलिप उमलले. माझ्या बायकोने, यिक्केने, नोव्हेंबरात कंद लावले, जानेवारीत ती गेली. इथे हॉलंडात लोक दरवर्षी नवे कंद घेतात. मी घेणार नाही. हेच पुढच्या वर्षी फुलवायचे. अवघड काही नाही. खताची बाटली आणली.

३ मे
पाकळ्या गळल्या. मेहुणी फ्राउके सायकलवरून आली. म्हणाली, कंदांना खरी भूक आता. पानं वाळेपर्यंत कापायची नाहीत, कंद त्यांच्यामुळेच भरतो. तोवर खत, मग बंद.
ती चित्रकला शिकवायची. मी पाटबंधाऱ्यांचा इंजिनिअर. ऐकून घेतलं.

११ मे, सकाळ
पानं लोळताहेत. उद्या यिक्केचा वाढदिवस. आमच्या रस्त्यावर पडदेसुद्धा कोणी ओढत नाही, दारातला पसारा सगळ्यांना दिसतो. मातीलगत कापली. नीटनेटकं वाटतं. खत दुप्पट केलं की भरपाई होईल.

१२ मे
दरवर्षीसारख्या खुर्च्या गोल मांडल्या. इथे आमच्यात वाढदिवसाला घरातल्या सगळ्यांचं अभिनंदन करतात. शेजाऱ्यांनी सवयीने हात पुढे केला, मग मागे घेतला. मी केक दिला. जमलं सगळं.
फ्राउके कुंडीपाशी थांबली. "दाजी, तोंड कापलंत आणि आता जेवू घालताय?"
हिशेब केलाय, म्हटलं.

७ जुलै
खत, पाणी नियमित. वर काही दिसत नाही. आत काम चालू असणार. फ्राउके म्हणते, कंद काढून कोरडे ठेवा. यिक्केने लावलेत तिथेच राहतील.
झोप नाही. उकाडा.

२० सप्टेंबर
फ्राउकेचा फोन. बाजारात नवे कंद आलेत, आणू का? कुंडीत जागा नाही, म्हटलं.

१५ एप्रिल
समोरच्यांकडे फुलं आली. आमचे उशिराचे असतील.

२ मे
फ्राउके आली. न विचारता खुरपं घेऊन माती उकरली. तपकिरी साली निघाल्या, थोडा कुजका गर. कंद एकही नाही. तिने साली तळहातावर घेतल्या.
"ताईच्या हातचं शेवटचं होतं ते, दाजी."
माती मात्र कसदार झाली आहे, असं मी म्हणालो. ती कॉफी न घेता गेली.
संध्याकाळी कुंडीला पाणी घातलं.