निळ्या झाकणाची नळी

३ जून, लातूर
अब्बांनी खोलीवर सामान टाकलं, कुलूप ओढून पाहिलं आणि भोकरची एसटी धरली. मी थेट नव्या नोकरीवर! हॉस्पिटलची लॅब थंडगार, खिडकीबाहेर गुलमोहर. प्रमुख आनंदराज सर मला ‘उजमाताई’ म्हणतात, हसूच येतं. माझ्याकडे हेपरिन मोजायचं काम आहे. रक्ताची गाठ होऊ न देणारं हे औषध कमी पडलं तर गाठ वाढते, जास्त झालं तर रक्त थांबत नाही. निळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त यंत्रात फिरवायचं, वरचा प्लाझ्मा काढायचा, रसायनं घालायची, की पिवळा रंग येतो. हेपरिन जितकं जास्त, तितका पिवळा फिका. सरांची एकच ताकीद: नळी आली की लगेच फिरवायची. पडून राहिली तर प्लेटलेट्समुळं हेपरिन मरतं, आकडा खोटाच कमी येतो आणि वॉर्डात डोस वाढवतात.

९ जून
रेणापूरच्या सगुणाबाईंच्या पायात गाठ आहे. रक्त घ्यायला मीच जाते. आज म्हणाल्या, “लेकरा, रोज रगत नेऊन करतीस काय?” औषध मोजते म्हटलं. “मोज बाई, नीट मोज,” म्हणत त्यांनी उशाखालचा शेंगदाण्याचा लाडू माझ्या हातावर ठेवला. नवरा पिराजी, नजर अगदी अधू. ताटात भाकरी कुठं, भाजी कुठं, ते बाईच त्यांना सांगतात.

१४ जून
दुपारी अम्मीचा फोन आला. निलंग्याचं स्थळ, मंगनीची बोलणी. जिन्यात तासभर बोलत बसले. परत आले तर सगुणाबाईंची नळी तशीच रॅकमध्ये. तेव्हा फिरवली. आकडा कमी आला. रक्त पुन्हा मागवायला हवं होतं. सर रागावतील म्हणून रिपोर्ट पाठवून दिला. संध्याकाळी वॉर्डात डोस वाढवला म्हणे.

१५ जून
सगुणाबाई गेल्या. आधी हिरड्यांतून रक्त आलं, मग डोक्यात रक्तस्राव झाला.
सरांनी विचारलं, नळी वेळेत फिरवली होती ना? मी हो म्हणाले.
पिराजी भिंत चाचपत लॅबच्या दारापर्यंत आले. हात जोडून म्हणाले, “ताई, लई केलंत तुमी तिच्यासाठी.”
मी मान हलवली. त्यांना ते दिसलंही नसेल.

१८ जून
रॅकमध्ये निळ्या झाकणाची नळी. नाव सगुणाबाईंचं. जुनी राहिली असेल म्हणून उचलली, तर कोमट. तारीख आजची.
कचऱ्यात टाकली. हात धुतले. पुन्हा धुतले.

२० जून
पुन्हा नळी. वॉर्डातून कुणीच पाठवली नाही म्हणतात. या वेळी लगेच फिरवली. रसायनं घातली. पिवळा आलाच नाही. पाण्यासारखं नितळ.

२२ जून
आता कुणाच्याच रक्तात पिवळा येत नाही. हेपरिन न घेणाऱ्यांच्यासुद्धा. त्याच नळ्या सरांनी तपासून पाहिल्या, रंग चक्क आला. माझ्याच हातून येत नाही.
सर म्हणाले, दमलात, दोन दिवस भोकरला जाऊन या.
गुपचूप माझं रक्त तपासलं. नितळ.

२३ जून
दात घासताना रक्त आलं, थांबेना —
सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, झालं ते झालं, आता कुणापाशी बोलू नका, हॉस्पिटलचं नाव जाईल. आणि दार लावून घेतलं.
मी नाही ऐकणार. पिराजींना सांगायलाच हवं.

२४ जून, रेणापूर
पिराजींच्या ओट्यावर बसलेय. रुमाल लाल झालाय. आवाजावरून ओळखलं त्यांनी मला, बसा म्हणाले, चहा टाकायला आत गेले. काय सांगायचं ते आधी इथं लिहितेय — ते बाहेर आले की सांगणार. नळी मी पडून राहू दिली. खोटं मी बोलले —
आतून विचारतायत, “ताई, तुमच्यासंगं आलेल्या बाईला बी च्या चालतो का? पावलं तर दोघींची वाजली —”
मी एकटीच आले.
मागं कुणीतरी — पाठीवर कोमट —
सांगते, बाई, सांगतेच आहे, त्यांना बाहेर तर येऊ —