नादिदेची थाळी

९ ऑक्टोबर, अफ्योन

उशीर झाला, माफ कर. सहा दिवस या वहीला हात लावला नाही. आधी सामान भरण्यात गेले, मग तेच उपसून पुन्हा भरण्यात. औषधं, लोकरीचे मोजे, दुसरा चष्मा. आणि नादिदेची थाळी. ती तर बसमध्येही तीनदा उघडून पाहिली, जणू पाय फुटून पळणार आहे!

आमच्या समुद्रकाठच्या बांदिर्माहून देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, अँतेपला, एका दमात गेलो तर माझे पाय दुधीभोपळ्याएवढे होतात. म्हणून वाटेत तीन मुक्काम. तीन मुक्काम म्हणजे खानावळीचं जेवण. पोटाची धास्ती निघाल्यापासून. बायको, सानिये, होती तोवर बाहेरचा घास कधी घेतला नाही, ती गेल्यावर सात वर्षं पाव, अंडी आणि ऑलिव्ह.

इथे घाबरत घाबरत मसुराचं सूप मागवलं. वर लिंबू पिळलं. दोन घोट — आणि पोटात कुणी शेकोटी पेटवून दिल्यासारखं वाटलं. मग वाढपी न विचारता चेरीच्या पाकात भिजलेला गोड पाव घेऊन आला, वर म्हशीच्या दुधाची जाड साय. म्हटलं, हे मी मागितलं नाही. तो म्हणाला, "काका, अफ्योनला येऊन साय न खाता गेलात तर गावाला तोंड कसं दाखवू?"

सगळं खाल्लं. आता बघू पोट काय म्हणतं.

१० ऑक्टोबर, अफ्योन, सकाळ

पोट काही म्हणालं नाही.

१० ऑक्टोबर, कोन्या

मी कशासाठी निघालो ते एकदा नीट लिहून ठेवतो. वाटेत कुठे आडवा झालो तर निदान कुणाला कळेल.

सानियेला पुरलं त्या दिवशी नादिदे उशिरा पोचली. घाटात बर्फ पडलं होतं, बस रात्रभर अडकली. माझी एकुलती एक बहीण, हातात आईची झाकणाची तांब्याची थाळी, थाळीत स्वतः केलेला रव्याचा हलवा. आणि मी सगळ्या लोकांसमोर म्हणालो, "पुरून झाल्यावर खायला आलीस का?"

ती बसली नाही. पाणीसुद्धा प्याली नाही. थाळी ठेवली आणि परत गेली. तो हलवा मी खाल्ला नाही. वाळून गेला.

सात वर्षं थाळी फडताळात. गेल्या महिन्यात कल्हईवाला आला तेव्हा बाहेर काढली. त्याने पालथी करून विचारलं, "बुडावर नाव कोरलंय, हे कोण?" आईचं नाव. म्हटलं, आता ही परत द्यायलाच हवी. पण आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडंसुद्धा रिकामं परत करत नाहीत. ही तर बहिणीची थाळी. भरायचं काय? मला स्वयंपाक येत नाही. गोदीच्या वजनकाट्यावर चाळीस वर्षं गेली, चुलीपाशी एक दिवस नाही.

दुपारी भट्टीतलं मटण खाल्लं. हाताने, गरम पोळीत गुंडाळून, सोबत कच्चा कांदा. हाड नुसतं हलवलं की मांस सुटत होतं. त्याआधी वाळवलेल्या भेंडीचं आंबट सूप — बोटाच्या पेराहून लहान भेंड्या! वाडगा पुसून खाल्ला. इतकं छान लागलं की लाज वाटली, एकट्याने खातोय म्हणून.

मग धीर करून भट्टीवरच्या जाफर उस्तादाला थाळी दाखवली. यात भरून द्याल का?

"न्यायची कुठे?"

"अँतेपला. बहिणीकडे."

तो हसायला लागला तो थांबेचना. "अख्खा मुलूख जेवायला जातो त्या अँतेपच्या बाईला माझं मटण? काका, ती मला माझ्याच भट्टीत घालेल!" मग डोळे पुसून म्हणाला, "तिला तिथे जे मिळत नाही ते न्या."

मिळत नाही असं काय असेल? समुद्र!

११ ऑक्टोबर, अदाना

बसमध्ये गुडघा अवघडला. उकाडा. लोकरीचे मोजे उगाच आणले.

१२ ऑक्टोबर, अदाना

कबाब मागवला तर आधी सात बशा आल्या. सुमाकची आंबट लाल भुकटी घातलेला कांदा, भाजलेली मिरची, टोमॅटोचं तिखट कोशिंबिरीसारखं काहीतरी. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाचं असेल, परत न्या. वाढपी म्हणाला, "काका, हे येतंच. तुम्ही पाहुण्यासारखे काय बसलात?" काळ्या गाजराचं आंबट पाणी मात्र एकच घोट घेतलं. नंतर दुसरा घोट घेतला. मग पेला संपला.

शेवटी गरम शेवयांची मिठाई. चमचा घातला तर आतलं चीज लांबच लांब ओढलं गेलं. बिनमिठाचं, ताजं. जिभेवर आलं आणि मी तसाच बसून राहिलो, चमचा हवेत!

होश्मेरिम! आई करायची ते. असंच ताजं चीज वितळवायचं, रवा, साखर, अंड्याचा बलक घालायचा आणि हात दुखेपर्यंत घोटायचं. घोटायला मला बसवायची. बूड हमखास लागायचं. खरवडीवरून नादिदेची आणि माझी मारामारी. मी मोठा, म्हणून खरवड नेहमी मीच खायचो.

अँतेपमध्ये हे कोण करणार! आमच्या भागातला पदार्थ आहे हा.

पण मला जमेल का? नाही जमणार. करपेल. रवा जास्त पडेल.

१३ ऑक्टोबर, अँतेप

पोचलो. बहीण इथून चार गल्ल्यांवर राहते. गेलो नाही.

१४ ऑक्टोबर, अँतेप

सकाळी हॉटेलाखालच्या खानावळीत बेयरान प्यालो. मटण, भात, लसूण आणि लाल तिखट, सगळं उकळतं. नाकाडोळ्यांतून पाणी. खानावळीचा मालक मेमिक उस्ताद म्हणाला, "रडा काका, इथे सगळेच रडतात." छान वाटलं. खरंच छान वाटलं. 'पुरे' म्हणून पेल्यावर चमचा आडवा ठेवतात, ते विसरलो, त्यामुळे चहा येतच राहिला. पाचव्या पेल्याला मी त्याला सगळं सांगून टाकलं. बर्फ, हलवा, थाळी.

त्याने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "दुपारची गर्दी ओसरली की चूल तुमची. चीज मी आणतो. हात मात्र तुमचाच लागेल. मी केलं तर ती ओळखेल."

पाऊण तास घोटलं. मेमिक मागे उभा. "झोपू नका काका! बहीण वाट बघतेय!" पिवळं झालं, तूप सुटलं, आणि बूड लागलं. लागणारच! तो म्हणाला, वरचं वरचं घ्या, काळं राहू द्या. मी ऐकलं नाही. आधी थाळी भरली, मग उलथन्याने सगळी खरवड काढून वर मधोमध ठेवली.

चार वाजता गेलो. नादिदेच्या सुनेने दार उघडलं. झेलिहा, तिला मी पहिल्यांदाच पाहिलं. म्हटलं, मी वेहबी, बांदिर्माचा. ती गडबडली. आत बघितलं. म्हणाली, "आई झोपल्यात."

आतून खोकला आला. नादिदेचा खोकला मी नाही ओळखणार?

मी तिच्यासाठी एक वाक्य पाठ करून आणलं होतं. ते दारातच राहिलं. थाळी सुनेच्या हातात दिली. कोणत्या हॉटेलात उतरलोय तेवढं सांगितलं. म्हटलं, उद्या दहाच्या गाडीने जातो.

१५ ऑक्टोबर, सकाळी सात

कुणी आलं नाही. बेयरान मागवलं, अर्धं टाकलं. मेमिकने वाटेसाठी पाव बांधून दिला. असो. भांडं ज्याचं त्याला पोचलं. आता आमचं एकमेकांकडे काही राहिलं नाही.

१५ ऑक्टोबर, बस

गाडी हलता हलता झेलिहा धावत आली. खिडकीतून काहीतरी आत दिलं, फडक्यात बांधलेलं, मांडी भाजेल इतकं गरम. थाळी! तीच. आत रव्याचा हलवा.

झाकणाखाली कागद: "दादा, खरवड मी एकटीने खाल्ली, कुणाला दिली नाही. हलवा गरम आहे तोवर खा. घरी पोचलास की कळव. लगेच कळव. वाट बघतेय."