हिकरी फोर्डच्या उताराचं काय करायचं

शनिवार, १८ ऑक्टोबर २०२५, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी माझ्या घरामागच्या उतारावर एका मोजणीदाराने लाल झेंडी रोवली. कोणी सांगितलं, असं विचारल्यावर तो म्हणाला, "तुमच्या मुलाने." म्हणून हे मृत्युपत्र.

मी, डॉ. सुचित्रा विवेक दाबके, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त भूलतज्ज्ञ, राहणार हिकरी फोर्ड, केंटकी, हे स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. शस्त्रक्रिया गुडघ्याची झाली होती. कायद्याने चालणारी इंग्रजी प्रत वकिलांकडे आहे. ही मराठी प्रत माझी मैत्रीण नैना हिने मुलांना आत्ताच, मी जिवंत असतानाच मोठ्याने वाचून दाखवावी, कुठेही मऊ न करता. मी गेल्यावर व्यवस्थाही तीच पाहील.

१. बँकेतली शिल्लक अनय आणि उर्वी यांना निम्मी-निम्मी. यात राग आणलेला नाही.

२. यजमानांची करवत, रंधा आणि पाने उर्वीला. अनयला बेलव्ह्यूच्या त्याच्या घरी बल्ब बदलायलाही माणूस बोलवावा लागतो.

३. पुरणयंत्र नैनाला. माझ्या धाकट्या जाऊबाईंचा त्यावर कित्येक वर्षं डोळा आहे. त्यांना देऊ नये.

४. आता उतार. जानेवारी १८६२ मध्ये यादवी युद्धातली एक लहानशी लढाई इथे झाली. गारांच्या माऱ्यात सुरू झाली आणि दुपारपर्यंत आटोपली. मेलेल्यांना उतारावरच एका खड्ड्यात पुरलं. कोट चिखलाने इतके माखले होते की कोण कुठल्या बाजूचा हे कळेना, आणि नावं विचारायला कोणी थांबलं नाही. घर विकताना जुन्या मालकीणबाईंनी हे सांगितलं आणि म्हणाल्या, "तिथे खणू नका, एवढंच."

कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर आम्हाला दरवर्षी दोन नोव्हेंबरला, ख्रिस्ती लोकांच्या मृतांच्या दिवशी, बेवारस कबरी झाडायला नेत. घरी आई सर्वपित्रीला ज्यांचं कोणी नाही त्यांच्यासाठी एक पान वेगळं वाढे. मी दोन्ही जमवलं. लढाईच्या दिवशी बर्फ झाडून उतारावर वरणभाताचं पान ठेवते. इथले कावळे पुण्याच्या कावळ्यांपेक्षा वक्तशीर आहेत.

ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलची कामं करायला मी अनयला सगळ्या व्यवहारांचं मुखत्यारपत्र दिलं होतं. त्याच्या आधारावर त्याने उतार घरं बांधणाऱ्यांना द्यायचं ठरवलं. मी फोन केला, तर म्हणतो, "आई, रिलॅक्स. नुसता सर्व्हे केलाय. आणि खाली आहेत ते आपले कोण लागतात?"

"जन्मलास केंटकीत," मी म्हटलं. "माझे नसतील, तुझे तरी असतील."

"यू नो, तू कशावरूनही भांडतेस."

उर्वी पिस्कॅटवेच्या तिच्या घरून त्याच फोनवर होती. तिने "नंतर बोलू" म्हणून फोन ठेवला. तेही इथे नोंदवते.

मुखत्यारपत्र मी लगेच रद्द केलं. झेंडी कुबडी टेकत टेकत जाऊन स्वतः उपटली. तेव्हापासून झोप नाही. मी गेल्यावर पुढची झेंडी कोण उपटणार?

५. माझी रक्षा कुठल्याही नदीकडे नेऊ नये. त्या उतारावर, त्या लोकांच्या शेजारी पुरावी. मग अनयने मोजणीदाराला सांगावं, खाली आपलं कोणी नाही म्हणून.

६. उतार कधीही न विकण्याचं आणि जानेवारीचं पान वाढण्याचं जो मान्य करील, त्याला घर आणि उतार. दोघांनी केलं तर दोघांना. वरण डब्यातलं गरम केलं तरी चालेल. कोणीच मान्य केलं नाही, तर घर आणि उतार दोन्ही काउंटीला, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या सरकारला, दफनभूमी म्हणून.

७. अनय, उर्वी, मला तुमचं उत्तर लेखी हवं, स्वतःच्या सहीचं, सोमवार १५ डिसेंबर २०२५, संध्याकाळी पाचच्या आत, माझ्या हातात. मेसेजमधला अंगठा चालणार नाही. 'लेट्स टॉक' चालणार नाही. उत्तर आलं नाही, तर तो नकार समजून मंगळवारी सकाळी मी वकिलांकडे जाऊन काउंटीचं नाव घालीन.

सही: सुचित्रा विवेक दाबके
स्थळ: हिकरी फोर्ड, केंटकी
१ नोव्हेंबर २०२५

बाईंनी आमच्यादेखत सही केली. कोणी हात धरला नव्हता, धरू दिलाही नसता.
साक्षीदार: गुरुदत्त पळसुले, शैलजा ओगले