होऊन जाईल यांचे दोषनिवारण

३ मार्च, मंगळवार
परमिटचं नूतनीकरण नाकारलं. कारण एका ओळीत: हे काम करू शकणारी स्थानिक व्यक्ती उपलब्ध आहे.

मी शांत आहे. चहा केला, प्यायला, कप धुतला. धुताना कपाचा कान तुटला. तो आधीपासूनच कच्चा असणार.

नोंदीसाठी: मी वजनकाट्यांच्या कारखान्यात तपासणी सांभाळते. काटा खरं बोलतो की नाही, हे मी ठरवते. आम्हा परदेशी कामगारांची, म्हणजे दोन वेल्डर, एक पेंटर आणि मी, परमिटची कामं मालकीणबाईंनी एका इमिग्रेशन सल्लागाराकडे सोपवली आहेत. या गृहस्थांना काहीही विचारा, 'होऊन जाईल' म्हणतात. या वहीत त्यांचं नाव तेच.

झालं नाही.

फेरविचाराचा अर्ज महिनाअखेरीपर्यंत करता येतो. तोही फेटाळला तर गाशा गुंडाळायचा. तपासणीची खोली मी उभी केली आहे. वजनांना हात लावायचा नाही, चिमट्याने उचलायची, हा नियम माझा. मी गेल्यावर लोक ती मुठीत धरतील. याचा विचार मी करत नाही.

दोषी कोण, हे उघड आहे.

४ मार्च, बुधवार
परमिटच्या मुलाखतीत जे घडलं ते कोरडेपणाने लिहिते. अधिकारी बाईंनी विचारलं, तुमचं काम इथलं दुसरं कोणी करू शकेल का? मी सांगितलं, हो, पॅकिंगमधल्या काकूंना मी शिकवलंय, त्या रोजचं बहुतेक सगळं करतात. त्यांनी विचारलं, मग तुमच्या कामात विशेष काय? मी म्हटलं, विशेष काही नाही, लक्ष द्यावं लागतं.

दोन्ही उत्तरं अचूक आहेत.

होऊन जाईल यांनी आधी माझी सराव मुलाखत घेतली होती. 'विचारतील तेवढंच सांगायचं, मॅडम,' असं तीनतीनदा बजावलं होतं. विचारलं तेवढंच सांगितलं. खरं कुठे थांबवायचं, हे त्यांनी सांगायला नको होतं का? हा प्रशिक्षणातला दोष. गंभीर.

ताईला सांगितलं. (मी ताई-भावजींकडे राहते.) ताई म्हणाली, तू स्वतःच्या पायावर धोंडा मारलास, आणि मारण्याआधी त्याचं वजनही करून घेतलंस. भावजी हसले. भावजींची नोंद वेगळ्या पानावर.

६ मार्च, शुक्रवार
निर्णय: होऊन जाईल यांचा सविस्तर तपासणी अहवाल तयार करायचा. काट्याचा करतो तसाच. दोष गंभीर, मध्यम, किरकोळ अशा क्रमाने. तो मालकीणबाईंसमोर ठेवला की कारखान्याचं काम त्यांच्या हातून जाईल. मग त्यांचा परवाना. मग ऑफिसातली त्यांची ती हिरवी खुर्ची.

हा सूड नाही. दोषनिवारण आहे. सूड घेणारी माणसं ओरडतात.

१० मार्च, मंगळवार
त्यांच्या ऑफिसात गेले. निमित्त: फेरविचार. हेतू: निरीक्षण.

निरीक्षणं. समोरची खुर्ची मागच्या डाव्या पायावर डुगडुगते. भिंतीवरचं घड्याळ पुढे. कुंडीतलं झाड प्लास्टिकचं, तरी त्याला पाणी घातलेलं. टपालाची पाकिटं तोलायचा काटा कमी दाखवतो (माझ्या पर्समध्ये एक लहान वजन असतं). मापात पाप. एका भिंतीवर समाधानी ग्राहकांचे फोटो, प्रत्येकाच्या हातात परमिट. आमचा पेंटरही आहे, दात काढून.

माझ्या आधी एक बेकरीवाला बसला होता. त्याला परदेशातून भट्टीचा कारागीर हवा आहे. होऊन जाईल यांनी त्याला विचारलं, जागेची जाहिरात इथे दिली का, किती दिवस ठेवली, कोण आलं, का नाही घेतलं, पगार इथल्या माणसाइतकाच देणार ना, तो राहणार कुठे. शेवटच्या प्रश्नावर बेकरीवाला म्हणाला, भट्टीच्या वर खोली आहे. यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, तिथे तुम्ही स्वतः एक रात्र झोपून या, मग अर्ज भरू. गिऱ्हाइकाशी असं बोलतात? किरकोळ दोष. नोंदला.

मग माझी पाळी. त्यांनी विचारलं, तुमच्या कामातलं असं एक तरी सांगा, मॅडम, जे त्या काकूंना येत नाही. मी विचार केला आणि म्हटलं, तसं काही नाही, मी नीट शिकवलंय. त्यांनी कपाळ चोळलं. मग म्हणाले, होऊन जाईल.

आत्मविश्वासाचा काटा शून्यावर आणलेला नाही. गंभीर.

१३ मार्च, शुक्रवार
साक्षीदार जमवायला घेतले.

थोरला वेल्डर म्हणाला, त्यांच्यामुळे माझी बायको इथे आली. धाकटा म्हणाला, जुना मालक माझा पासपोर्ट कुलपात ठेवायचा, हे जाऊन घेऊन आले. पेंटरने विचारलं, त्यांना काही झालंय का, मी भेटायला जाऊ?

तिन्ही साक्षीदार प्रभावित. वगळले.

आईचा फोन. मी म्हटलं सगळं ठीक. ती म्हणाली, तुझा आवाज इतका सपाट आहे म्हणजे कुणाचं तरी काही खरं नाही.

१८ मार्च, बुधवार
मालकीणबाईंना भेटीची वेळ मागितली. विषय: पुरवठादाराची गुणवत्ता. त्या म्हणाल्या, अगं, महिनाअखेर जवळ आली, आधी तुझ्या फेरविचारावर सही कर. मी म्हटलं, दोन्ही समांतर चालेल. त्या म्हणाल्या, तुझं समांतर मला माहितेय, कधीच कुठे भेटत नाही.

अहवाल आता चांगला जाडजूड झाला आहे. त्यात होऊन जाईल यांच्या बोलण्याचा आलेख आहे. दिलेली आश्वासनं आडव्या अक्षावर, झालेली कामं उभ्या अक्षावर. रेघ अपेक्षेपेक्षा बरी आली. मी अक्ष तपासले. पुन्हा बरीच आली. आलेख परिशिष्टात टाकला.

२४ मार्च, मंगळवार
एक अडचण. आमच्या धंद्याचा रिवाज असा की सदोष काटा सापडला तर अहवाल आधी बनवणाऱ्याला दाखवायचा, त्याचं म्हणणं ऐकायचं, मग वर पाठवायचा. हा रिवाज मीच कारखान्यात सगळ्यांच्या डोक्यात बसवला आहे. मोडता येत नाही.

म्हणजे अहवाल आधी होऊन जाईल यांच्याच हातात द्यायचा. हरकत नाही. चेहरा पाहायला मिळेल.

२६ मार्च, गुरुवार
दिला.

ते वाचू लागले. मी डुगडुगत्या खुर्चीत ताठ बसले होते. त्यांनी एकही पान गाळलं नाही. घड्याळाच्या परिच्छेदावर मान वर करून घड्याळ पाहिलं. झाडाच्या परिच्छेदावर झाडाकडे. बेकरीवाल्याच्या पानावर थोडे रेंगाळले. चेहरा पडायची मी वाट पाहत होते. तो पडण्याऐवजी हळूहळू उजळत गेला. धक्क्याने असं होतं.

शेवटी त्यांनी विचारलं, "हे सगळं तुम्ही एकटीने? या खुर्चीत बसून, नुसतं बघून?"

मी म्हटलं, हो.

"त्या पॅकिंगमधल्या काकूंना जमेल हे?"

हा अपमान होता. मी म्हटलं, "शक्यच नाही. इथे कोणालाच जमणार नाही."

त्यांनी ते वाक्य लगेच लिहून घेतलं. बहुधा माफीनाम्याची सुरुवात. मग अहवालाची एक प्रत ठेवू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, अवश्य. आणि फेरविचाराच्या अर्जावर सही केली, कारण पेन हातात होतंच.

जिन्यात मला बरं वाटलं. नोंदते आहे, एरवी नोंदण्यासारखं नाही.

७ एप्रिल, मंगळवार
ठिणगी पडली. अधिकारी बाईंनी पुन्हा बोलावलं, आणि त्यांच्या टेबलावर माझा अहवाल. म्हणजे कोणीतरी तो थेट वर पाठवला. चौकशी सुरू आहे.

त्यांनी विचारलं, हे तुम्ही लिहिलं? मी म्हटलं, हो, फक्त खुर्चीच्या चित्रात पायाची जाडी अंदाजे आहे, त्याबद्दल दिलगीर आहे. त्यांनी डोळे मिटले. मग विचारलं, हे काम इथलं दुसरं कोणी करू शकेल? मी म्हटलं, नाही. एवढंच. चौकशीत साक्षीदाराने फाफटपसारा लावू नये.

मग त्या परिशिष्टावर आल्या आणि खांदे हलवत हसल्या. असं हसणारे अधिकारी निष्ठुर असतात. मला होऊन जाईल यांची किंचित दया आली. आवरली.

घरी ताईला सांगितलं की यांचा परवाना गेल्यात जमा आहे. ताईने भावजींकडे पाहिलं. भावजी पाणी प्यायला उठले.

१७ एप्रिल, शुक्रवार
परमिट मंजूर.

माझं. चौकशीचं काहीच आलं नाही. मालकीणबाईंना विचारलं तेव्हा कळलं. अहवाल होऊन जाईल यांनी स्वतःच फेरविचाराच्या अर्जाला जोडला होता. पुरावा म्हणून. सोबत टिपण: अर्जदाराची दोष शोधण्याची क्षमता अपवादात्मक असून, प्रस्तुत सल्लागाराने ती स्वतःच्या अंगावर अनुभवली आहे.

काकूंचंही निवेदन घेतलं होतं. त्यांनी मला ते पॅकिंगच्या टेबलावर, दोरीला गाठ मारता मारता, तोंडी ऐकवलं: "मी म्हटलं, वजनं मी तपासेन हो साहेब. पण धडधाकट माणसात एवढे दोष काढणं आपल्याच्याने नाही व्हायचं. त्याला ही पोरगीच पाहिजे."

मालकीणबाई इतक्या खूश आहेत की त्यांनी दुसऱ्या कारखान्याचंही काम होऊन जाईल यांना दिलं. माझ्या शिफारशीवरून, असं त्या सगळ्यांना सांगतात.

वजनं जागेवर आहेत. चिमटाही. सगळी एकदा पुसून ठेवली. गरज नव्हती.

२२ एप्रिल, बुधवार
परमिट हातात घ्यायला गेले. ठरवून गेले होते की दोन शब्द सुनवायचे. शब्द तोलून ठेवले होते.

खुर्ची डुगडुगत नाही. पायाखाली नवा रबर. घड्याळ बरोबर. काट्याच्या जागी आमच्या कारखान्याचा काटा. मी पर्समधलं वजन ठेवून पाहिलं, तंतोतंत. कुंडीत खरं झाड. माझ्या अहवालातला एकही किरकोळ दोष शिल्लक नाही. कशावरून सुरुवात करावी ते कळेना.

होऊन जाईल म्हणाले, जरा इकडे बघा, मॅडम. मी बघितलं. त्यांनी फोटो काढला, तिथल्या तिथे छापला आणि भिंतीवर लावला. पेंटरच्या शेजारी. खाली छापील पट्टी: समाधानी ग्राहक. मी म्हटलं, या शब्दाला माझी संमती नाही. ते म्हणाले, होऊन जाईल.

मग विचारलं, दर काही महिन्यांनी येऊन ऑफिस एकदा असंच तपासून जाल का?

बघते म्हटलं.

फोटो डावीकडे कलला होता. सरळ केला. थोडं मागे जाऊन पाहिला, आणि आणखी किंचित सरळ केला.